परदेशातील रुग्णसेवा : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

परदेशातून येऊन रोग्यांची सेवा करणारी माणसे आपल्या वऱ्हाडास अपरिचित नाहीत. अचलपूर-परतवाड्याजवळील कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी जे रुग्णालय उभे राहिले, ते समुद्रापलीकडून आलेल्या मिशनच्या माणसांनी उभारलेले होय. ज्या महाराष्ट्राने अशी सेवा घेतली, त्याच महाराष्ट्रातून एक तरुण वैद्यही परक्या देशातील जखमींच्या शुश्रूषेसाठी गेला, आणि त्याच मातीत कायमचा विसावला. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. पुढे वैद्य अथवा परिचारिका होण्याची ज्या मुलामुलींची इच्छा आहे, त्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे. कारण परदेशी रुग्णसेवेला काय काय लागते, हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच अन्यत्र कळेल.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली व पुढील शिक्षणाची तयारी चालविली. त्याच सुमारास पूर्वेकडे मोठा वणवा पेटला होता. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड युद्ध सुरू केले. जखमींची संख्या अफाट आणि वैद्य मात्र मोजके, अशा अवस्थेत चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. राष्ट्रसभेचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषबाबू यांनी १९३८ साली लोकांकडून निधी जमविला आणि पाच वैद्यांचे पथक निवडले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख झाले, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे अन्य चौघे होते. त्या काळी नागपूर व आपले अमरावती-अकोला एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असल्यामुळे डॉ. चोळकर हे आपल्याच प्रांताचे म्हटले पाहिजेत. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या आगबोटीने हे पथक मुंबईहून निघाले. कोटणिसांना तेव्हा अठ्ठावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हा चीनदर्शक शब्द जोडला गेला व कोटणीस हे ‘के दिहुआ’ झाले. वाटेतच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्यास याहून सबळ कारण कोणते असणार? तथापि ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनान येथे पोहोचले आणि तेथील लष्करी रुग्णालयात कामास लागले. पथकातील इतर चौघे यथाकाल मायदेशी आले. कोटणीस मात्र तेथेच राहिले.

परदेशी वैद्यापुढील पहिला डोंगर भाषेचा. रोग्याचे दुखणे त्याच्याच शब्दांत कळले नाही, तर निदान चुकते. औषधाचे प्रमाण सांगणाऱ्याने एक सांगावे व ऐकणाऱ्याने दुसरे समजावे, यातून प्राणही जाऊ शकतो. कोटणिसांनी हे ओळखून चिनी भाषा परिश्रमपूर्वक आत्मसात केली. प्रारंभी दुभाष्यावाचून ज्यांचे पाऊल पुढे पडत नसे, तेच पुढे चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रवैद्यक चिनीतून शिकवू लागले. त्या विषयावर त्यांनी एक पाठ्यपुस्तक लिहिले. दुसरे त्यांच्या हातून पुरे होऊ शकले नाही.

दुसरा डोंगर स्वच्छतेचा. वैद्याचे व परिचारिकेचे न धुतलेले हात हेच रोगाचे वाहन होतात, हे सेमेलवाइस या वैद्याने १८४७ साली व्हिएन्नामध्ये दाखवून दिले होते. परंतु सर्व साधने हाताशी असलेल्या शहरात हा नियम पाळणे निराळे आणि डोंगरातल्या खेड्यात, शत्रू जवळ आला की बिऱ्हाड हलविणाऱ्या रुग्णालयात, तो पाळणे निराळे. रणांगणावरील जखमेत माती व कपड्यांचे धागे शिरलेले असतात. ती नीट धुतली नाही, हत्यारे उकळली नाहीत, की जखम चिघळते व विष रक्तात भिनते.

या धोक्यापासून वैद्यही सुटत नाही. कॅनडाचे विख्यात शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून याच सैन्याच्या सेवेसाठी आले होते. रबरी हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करीत असता त्यांच्या बोटास जखम झाली. त्या लहानशा जखमेतून रक्तदोष झाला व १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे प्राण गेले. पेनिसिलीन तेव्हा रोग्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते. बेथ्यून ज्या भागात वारले, त्याच भागात त्यांचे काम पुढे चालविण्याचा भार नंतर कोटणिसांवर आला.

१९४० साली मोठी लढाई जुंपली. तीत कोटणिसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास डोळ्याला डोळा न लावता ते शस्त्रक्रिया करीत राहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. बेथ्यून यांच्याच नावाच्या वैद्यकशाळेत गुओ छिंगलान नावाच्या तरुणी शुश्रूषा हा विषय शिकवीत असत. १९४१ च्या अखेरीस त्या दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला व त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. त्यातील ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणिसांनी चीनच्या साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही स्वीकारले.

परंतु सुखाचे हे दिवस अल्पच ठरले. कोटणिसांना अपस्माराचे, म्हणजे आपण ज्यास मिरगी म्हणतो त्या विकाराचे, झटके येऊ लागले होते. अपुरी झोप व अतिश्रम यांनी हा विकार बळावतो. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला. पण रोग्यांना सोडून जाणे त्यांच्या मनाने घेतले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, लागोपाठ आलेल्या झटक्यांनी, बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. पुत्र त्या वेळी चार महिन्यांचाही नव्हता. या दुःखाला पुढे आणखी एक जोड मिळाली. वैद्यकाचे शिक्षण संपत आले असता यिनहुआही १९६७ साली वारले, आणि तेही उपचारातील चुकीमुळे. रुग्णसेवेत एका हातून झालेली चूक किती मोलाची ठरते, हे त्या माउलीइतके कोणास कळले असेल? गुओ छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या व पतीच्या मायदेशी त्या अनेकदा येऊन गेल्या.

कोटणिसांचे स्मरण दोन्ही देशांनी राखले. चीनमधील शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला व त्यात कोटणिसांची भूमिका स्वतःच केली.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून केवळ त्यागाचा बोध घेऊन थांबणे योग्य नव्हे. आज परक्या देशात परिचारिका म्हणून काम करू इच्छिणाऱ्यास तेथील परिषदेकडे नाव नोंदवावे लागते, आणि बहुधा भाषेची परीक्षाही द्यावी लागते. पुष्कळांस ही व्यर्थ कटकट वाटते. परंतु जे कोटणिसांनी कोणी न सांगता केले, तेच आज नियम म्हणून सांगितले जाते, एवढेच. भाषा शिकणे, हात धुणे, औषधाचे नाव व प्रमाण दोनदा पाहणे, न समजल्यास न लाजता विचारणे, ही कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. पण रोग्याचा जीव त्यांच्यावरच तोललेला असतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी व मुलांनी मिळून ध्यानात ठेवावी. कोटणिसांनी आपल्या देहाची पर्वा केली नाही. युद्धाच्या त्या प्रसंगी दुसरा वैद्य मिळणे दुरापास्त होते, म्हणून त्यांच्या निष्ठेस आपण वंदनच करतो. परंतु शांततेच्या काळात त्याचे अनुकरण करू नये. थकलेला हात चुकतो, आणि शुश्रूषा करणाराच अंथरुणास खिळला तर रोग्याने कोणाकडे पाहावे? तेव्हा सेवकाने स्वतःची झोप, अन्न व औषध सांभाळणे हा स्वार्थ नसून रोग्याविषयीचे कर्तव्यच होय. सोलापूरच्या या सुपुत्राची तळमळ आपण घ्यावी. आणि त्यांना जे लाभले नाही ते आरोग्य जपून ती तळमळ दीर्घकाळ कामी आणावी. त्यांचे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग नाही.