शेट प्रेमचंद रायचंद

मुंबईच्या ओव्हल मैदानावरून जातांना विश्वविद्यालयाचा उंच मनोरा दिसतो. त्यास राजाबाई टॉवर म्हणतात हें लहान मुलांसहि ठाऊक असतें. परंतु राजाबाई कोण, असें विचारलें असतां पुष्कळ जण निरुत्तर होतात. राजाबाई ही शेट प्रेमचंद रायचंद यांची माता होय.

प्रेमचंद शेटजींचा जन्म १८३१ सालीं सुरतेस एका जैन कुटुंबांत झाला. वडिलांबरोबर ते लहानपणींच मुंबईस आले व येथेंच इंग्रजी शिकले. त्या काळच्या देशी दलालांत इंग्रजी लिहितां-बोलतां येणारा मनुष्य विरळा. त्यामुळें युरोपियन पेढ्यांचीं दारें त्यांस लवकर उघडलीं. बुद्धि तीव्र, वागणूक साधी आणि हिशेब बिनचूक, एवढ्या भांडवलावर त्यांनीं धंद्यांत नांव मिळविलें.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी होऊन लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, तेव्हां गुजराथ, खानदेश व वऱ्हाड येथील कापसास सोन्याचें मोल आलें आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. एवढा पैसा ठेवावा कोठें? नित्य नव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघूं लागल्या. त्यांचे भाग घेण्यासाठीं श्रीमंत व गरीब सारखेच धांवले. या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानीं प्रेमचंद शेटजी होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही बँक त्यांच्या हातांत होती, आणि सरकारचा भाग असलेल्या बँक ऑफ बॉम्बेवरहि त्यांचें वजन एवढें, कीं त्यांच्या शब्दावर लोकांस मोठमोठीं कर्जें मिळत.

याच वैभवाच्या दिवसांत, १८६४ सालीं, त्यांनीं विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठीं दोन लक्ष रुपये देऊं केले. विश्वविद्यालय स्थापन होऊन तेव्हां सातच वर्षें झालीं होतीं व त्यास स्वतःची इमारतहि नव्हती. थोड्याच दिवसांनीं आणखी दोन लक्ष रुपये मनोऱ्यासाठीं दिले. मनोऱ्यावर मोठें घड्याळ व घंटा असाव्या आणि त्यास मातेचें नांव द्यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. स्वतःचें नांव त्यांनीं पुढें केलें नाहीं. सुरतेस मुलींची शाळा व भडोचेस ग्रंथालय हीं त्यांनीं वडिलांच्या, म्हणजे रायचंद दीपचंद यांच्या, नांवानें उभीं केलीं.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै हा सौद्यांच्या फेडीचा दिवस उगवला, तेव्हां मुंबईंतील अनेक बडीं घरें बुडालीं. प्रेमचंद शेटजीहि त्यांतून सुटले नाहींत. बँक ऑफ बॉम्बे रसातळास गेली. १८६८ सालीं सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, व त्यानें ठेवलेल्या दोषाचा मोठा वांटा शेटजींवरच आला. हें झांकून त्यांचें चरित्र लिहिणें योग्य नव्हे. पुरेशा तारणावांचून कर्जें देवविलीं गेलीं, आणि ज्या भागीदारांनीं त्यांचें तोंडहि पाहिलें नव्हतें त्यांचाहि पैसा गेला. तीं घरें उजाड झालीं हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं त्याच लाटेंतील चार लक्ष रुपये विश्वविद्यालयास मिळाले म्हणून वांचले. बाजारांत राहते तर बाकीच्या संपत्तीबरोबर तेहि नाहींसे झाले असते. मागच्या पिढीस कदाचित् असें बोलवलें नसतें, परंतु आपण दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवून पाहाव्या.

इमारतीचें काम १८६९ सालीं सुरू होऊन १८७८ सालीं पुरें झालें. सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं नकाशे केले. मुंबईस मात्र ते कधींच आले नाहींत. मनोऱ्याची उंची २८० फूट असून त्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींच्या लोकांचे पुतळे कोरले आहेत. माता अंध होती व जैन धर्माप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं जेवण्यास तिला वेळ कळावी म्हणून घंटा बसविल्या, अशी आख्यायिका आहे. भायखळ्यास त्या घंटा ऐकूं जात असतील काय, अशी शंका मनांत येते खरी; पण मुंबईकरांस ती कथा आवडते.

कलकत्ता विश्वविद्यालयासहि त्यांनीं दोन लक्ष रुपये दिले. त्यांतून निघालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति बंगाल्यांतील विद्वानांत परम मानाची झाली. १८९७ सालीं ती जदुनाथ सरकार यांस मिळाली. पुढें याच जदुनाथांनीं शिवाजी महाराजांचें इंग्रजी चरित्र १९१९ सालीं प्रसिद्ध केलें. सुरतेच्या शेटजींचें द्रव्य असें बंगाल्यावरून फिरून महाराष्ट्राच्या इतिहासास लागलें.

आपत्तीनंतर शेटजींनीं पुन्हां दलालीचा धंदा धरला व तो उतारवयापर्यंत चालविला. पूर्वींची संपत्ति परत आली नाहीं. पण बाजारांत त्यांची पत पुन्हां बसली. १९०६ सालीं ते निवर्तले. भायखळ्याचा त्यांचा प्रेमोद्यान बंगला पुढें कॅथलिक जोगिणींकडे आला व तेथें अनाथ मुलींचा आश्रम आणि शाळा सुरू झाली.