ओतूरहून गेलेलं पत्र

मैत्रिणींनो, सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला शाळा आठवते, अंगावर पडलेलं शेण आठवतं. आपल्या जुन्नरशी त्यांचं काय नातं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, पण पूर्वेला सरकलं की तोच हात आखडतो. १८७६ साली तर त्यानं पाठच फिरवली. दख्खनच नाही, चीन आणि ब्राझीलही त्या दुष्काळात होरपळले. तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या सावित्रीबाई ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ च्या पत्रात त्यांनी जोतीरावांना तिथली हकिगत कळवली. माणसं गाव सोडून चालली होती, रानातली फळं नि पाला खात होती, आणि सावकार त्यातही लुटत होते. त्यातून दंगा झाला आणि धरले गेले ते मदत करणारे सत्यशोधकच! बाई थेट कलेक्टरसमोर गेल्या, बाजू मांडली, माणसं सोडवून आणली. घरातल्या पुरुषांपुढे बोलायची चोरी होती तो हा काळ, बरं का.

रीत म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडला. जन्म १८३१, नायगावचा. नवव्या वर्षी लग्न, १८४८ पासून शिकवणं. मूल झालं नाही, तर रीतीप्रमाणे सवत यायची. या दोघांनी १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं.

२०२० च्या करोनात आपल्याकडंही कुठं कुठं लेकींनी अग्नी दिला. चार माणसं जमत नव्हती, म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत. साथ सरली आणि पुन्हा पुतण्याला हाक जायला लागली. मला वाटतं, आपल्याला पटलं नव्हतंच. फक्त अडलं होतं. सावित्रीबाईंचं तसं नव्हतं.

हाँगकाँगकडून पसरलेली प्लेगची साथ १८९६ ला मुंबईत आली, मग पुण्यात. यशवंत आता डॉक्टर झाला होता. त्यानं हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी आणायला लागल्या. घरचे लोकही जवळ जायला भीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांचा मुलगा आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखाना गाठला. त्याच साथीत त्या १० मार्च १८९७ ला गेल्या.