पंडिता रमाबाई : दुष्काळातून केडगावपर्यंत



पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्या मुलांची उत्तरं तयार असतात. शारदा सदन, मुक्ती मिशन, केडगाव. पण शिकवताना एखादं मूल हमखास विचारतं, की बाई, त्या ख्रिश्चन का झाल्या? आणि मग आपण घाईघाईने पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. खरं तर त्यांचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं. म्हणून आज त्यांचं चरित्र त्याच बाजूने बघू या.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ इथे झाला. आज हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकायचं नाही, असा तो काळ. तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाला शिकवलं. रमाची पहिली शिक्षिका तिची आई होती, हे मुलांना जरूर सांगा.

डोंगरे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, पुराणं सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं.

दुष्काळाने घर संपवलं

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते पैसे दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले. भीक मागायची सवय नाही आणि कष्टाच्या कामाचीही नाही. झाडपाला, रानातली फळं खाऊन दिवस काढले. शेवटी सगळ्यांनी जलसमाधी घ्यावी, इथपर्यंत विचार आला होता. तसं झालं नाही, पण थोड्याच दिवसांत वडील गेले. मग रायचूरला आई गेली. तिच्यासाठी रमाने एका घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून आणला होता. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. रमाची उंची कमी, त्यामुळे तिरडी तिच्या खांद्यावर टेकेना. तिने आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला. तेव्हा ती साधारण सोळा वर्षांची होती. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

उरले दोघंच, रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी चालले. अंगावर पुरेसे कपडे नाहीत. झेलम नदीच्या काठी थंडीत वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून झोपायचे. इतकी व्रतं केली, इतके देव पुजले, तरी उपयोग का झाला नाही? हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला.

मान मिळाला, आधार नाही

1878 मध्ये दोघं कोलकात्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण धर्मशास्त्रं वाचताना आपल्यासारख्या स्त्रीला आणि शूद्राला त्यात काय स्थान आहे, हे दिसलं आणि उरलीसुरली श्रद्धाही डळमळली.

मे 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. सिल्चरला संसार थाटला, मनोरमा झाली. तिथेच घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि वाचायची गोडी लागली. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेले. कडेवर उरली एक तान्ही मुलगी.

फुलहॅममध्ये काय पाहिलं?

रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज सुरू केला. 1883 मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने ते स्वप्न सोडावं लागलं.

वॉन्टेजला त्या ज्या जोगिणींकडे राहत होत्या, त्यांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जायचं. अशा बायकांना हाकलून दिलेलं रमाबाईंनी पाहिलं होतं. जवळ घेतलेलं पहिल्यांदाच पाहत होत्या. ही माया येते कुठून, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका जोगिणीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. तशातच नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या शंका फिटल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणून त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं, असं समजू नका. चर्चची शिकवण आणि आज्ञापालन यांवरून त्या जोगिणींशीही वाद घालत राहिल्या. मनाला खरी शांती लाभायला आणखी सातआठ वर्षं लागली.

स्वतःची जखम, दुसऱ्यांना औषध

अमेरिकेत निधी जमवून त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. 1893 मध्ये मोठा वाद झाला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीतून टीका झाली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आपली मुलगी धर्म बदलेल, ही पालकांची भीती होती. आणि रमाबाई आपली प्रार्थना लपवून करायला तयार नव्हत्या. दोन्ही बाजू मुलांना सांगा.

मग 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपाशी मुली पाहून रमाबाईंना रायचूर आठवलं नसेल का? त्या स्वतः तिथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे गर्दी ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर नेलं. तेच पुढे मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. अंधांसाठी, वृद्धांसाठी, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगवेगळी सदनं झाली. शेती, विणकाम, छपाई, सगळं बायकाच करत.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांचं निधन झालं.

वर्गात काय सांगाल?

त्यांची श्रद्धा पटो न पटो, ती कुठून आली हे मुलांना कळायला हवं. गेलेली माणसं श्रद्धेने परत आली नाहीत आणि कानही बरे झाले नाहीत. बरं झालं ते मन, आणि त्या मनाने हजारोंना घर दिलं.

नकाशावर गंगामूळ, रायचूर, झेलम, कोलकाता, सिल्चर, पुणे, वॉन्टेज, मुंबई, केडगाव ही ठिकाणं मुलांकडून शोधून घ्या. मोठ्या वर्गाला सहल काढता आली तर बघा. आपल्या बदलापूरहून कर्जतमार्गे पुणे, आणि पुढे दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशन लागतं. आणि पुढच्या वेळी एखाद्या मुलाने तो प्रश्न विचारला, तर पान उलटू नका. जरा बसा आणि त्या बाजरीच्या भाकरीपासून गोष्ट सुरू करा.