आकड्यांची वही

१९९९ सालची गोष्ट. आमच्या शाखेत सगळ्यांच्या फायली एकाच संगणकावर ठेवलेल्या असत. हा फाइल सर्व्हर एके सकाळी काही टेबलांवर दिसेना, तर काहींवर मध्येच दिसे, मध्येच गायब होई. दुरुस्तीला आलेल्या मुलाने अर्ध्या तासात चोर पकडला. आदल्या दिवशी बसवलेल्या नव्या यंत्राला कुणीतरी सर्व्हरचाच नंबर देऊन टाकला होता. एकच खाते क्रमांक दोन खातेदारांना! आम्हा बँकवाल्यांना याहून अधिक काय समजावायचे? मुलाने यंत्राचा शेवटचा आकडा बदलला आणि सगळ्या नंबरांची यादी कपाटाच्या दाराला चिकटवली.

अशीच यादी साऱ्या जगासाठी सांभाळणारे एक गृहस्थ होते, हे मला फार पुढे कळले.

जोनाथन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना इथे झाला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ते शिकत असतानाच, १९६९ मध्ये, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आर्पानेट या जाळ्याचे पहिले ठाणे तिथे बसले. त्यांच्याच शाळेत शिकलेले स्टीव्ह क्रॉकर आणि व्हिंट सर्फ हेही तिथेच होते. क्रॉकरनी जाळ्याच्या नियमांची क्रमांकित टिपणे सुरू केली. त्यांचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले. कोणता नंबर कुणाला दिला याची नोंदही तेच ठेवू लागले.

हे नंबर दोन प्रकारचे. एक यंत्राचा पत्ता. दुसरा त्या यंत्रावरच्या खिडकीचा. बँकेत पैसे भरण्याची खिडकी वेगळी, ड्राफ्टची वेगळी, तसेच हे. फायली पाठवण्याची खिडकी २१, पत्रांची २५. ही वाटणी जगभर एकच नसती, तर कोणता सर्व्हर कोणत्या दाराशी जाऊन उभा राहिला असता?

१९७७ पासून ते मरीना डेल रे येथील संशोधन संस्थेत होते. १९८१ मध्ये त्यांच्या संपादनाखाली पत्त्यांचा मूळ नियम निघाला, आणि १ जानेवारी १९८३ ला सारे आर्पानेट त्यावर आले. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, असा हा माणूस. १९९४ मध्ये त्यांच्या नोंदवहीतून काही पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढले गेले. कोणत्याही कार्यालयाने ते न विचारता घ्यावेत. आमच्या शाखेचे १९२.१६८ हे आकडे त्यातलेच!

मग नावांना पैसा आला. १९९५ पासून संकेतस्थळाच्या नावासाठी शुल्क पडू लागले आणि या वहीचा मालक कोण, हा प्रश्न उभा राहिला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ मूळ नाव-सर्व्हरच्या चालकांना कळवले, की यादी सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीच्या यंत्रावरून न घेता आमच्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकले. सामान्य माणसाचे काही अडले नाही, पण वॉशिंग्टन हादरले. ही चाचणी होती, असे पोस्टेल यांचे म्हणणे. थोड्याच दिवसांत सारे पूर्ववत झाले.

मी तपासनीस असतो तर ताशेरा मारला असता. वरिष्ठांना न विचारता खतावणी हलवायची म्हणजे काय? पण त्या आठ जणांनी लेखी हुकूम मागितला नाही, हेही विसरता येत नाही. तीस वर्षे पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कारकुनालाच असा शब्द मिळतो. आणि तो माणूस गेल्यावर काय, ही सरकारची धास्तीही खोटी नव्हती.

३० सप्टेंबर १९९८ रोजी ही वही सांभाळण्यासाठी आयकॅन ही संस्था नोंदली गेली. त्यानंतर सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, हृदयशस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेले. वय ५५. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच टिपणमालेत निघाला. त्याचा क्रमांक २४६८.