लॉराबाई वाइल्डर

लॉरा इंगल्स वाइल्डर यांचा जन्म १८६७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात झाला. १८८५ मध्ये आल्मान्झो नावाच्या शेतकऱ्याशी त्यांचे लग्न झाले; परंतु संसार सुरू होतो न होतो तोच संकटे कोसळली. १८८८ मध्ये पतिपत्नी दोघांनाही घटसर्प झाला आणि यजमानांचे पाय अधू झाले. पुढच्याच वर्षी तान्हे मूल गेले, राहते घर जळाले. दुष्काळ तर होताच.

१८९४ साली मुलगी रोझ हिला घेऊन दोघे मिसूरी प्रांतात मॅन्सफील्डला आली. शिल्लक शंभर डॉलर भरून चाळीस एकर खडकाळ जमीन घेतली. राहायला लाकडी ओंडक्यांची एकच खोली! लॉराबाईंनी यजमानांबरोबर करवत ओढून झाडे तोडली. सरपण व अंडी विकून दिवस काढले. हळूहळू गाई, कोंबड्या, सफरचंदाची बाग व परसात भाजीपाला असे सारे उभे राहिले.

लॉराबाईंचे शिक्षण अर्धवटच राहिले होते. तरी बालपणीच्या कष्टाच्या घरसंसाराच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या. पहिले पुस्तक १९३२ मध्ये निघाले, तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या! १९५७ साली नव्वदाव्या वर्षी त्याच मळ्यातल्या घरी त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, गोठा आणि चूल सांभाळणाऱ्या बाईजवळही जगाला सांगण्यासारखे पुष्कळ असते, हेच यातून दिसते.