ताहितीचा हवेचा दाब, खान्देशची कपाशी आणि ‘बूमरँग’ वॉकर

एप्रिल-मे आला की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो : यंदा एल निनो आहे का? कोरडवाहू कपाशीवाल्याला बियाण्याची पाकिटं घ्यायची असतात, लागवडीची घाई करायची की थांबायचं हे ठरवायचं असतं. याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञ जे आकडे पाहतात, त्यातला एक प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरच्या हवेच्या दाबावरून काढतात. हा धागा पकडला सर गिल्बर्ट वॉकर यांनी. ते शोधत होते भारताच्या मान्सूनचा अंदाज.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. १८८९ मध्ये ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणितात पहिले. आपल्या रँग्लर परांजप्यांना हाच मान दहा वर्षांनी मिळाला. बूमरँग फेकण्याचा आणि त्याचं गणित मांडण्याचा नाद, म्हणून टोपणनावही तेच पडलं. हवामानशास्त्राचं शिक्षण मात्र नव्हतं. तरीही १९०४ मध्ये ते भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले.

खात्याची पत तेव्हा घसरलेली होती. १८९९ मध्ये पाऊस चांगला होईल, असा सरकारी अंदाज होता. झालं उलटंच. गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या दुष्काळात खान्देशही होरपळला.

वॉकर यांनी सिद्धांत बाजूला ठेवले आणि आकडे हाती घेतले. जगभरच्या केंद्रांवरचा हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या जोड्या लावून कशाचा कशाशी संबंध आहे हे तपासायचं, म्हणजेच सहसंबंध गुणांक काढायचा. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला दहा जोड्यांचा गुणांक कॅल्क्युलेटरवर काढताना माझा घाम निघायचा. वॉकर यांच्या कार्यालयातले भारतीय कारकून हेच काम वर्षानुवर्षं हाताने करत होते. (याच काळात, १९१३ मध्ये, मद्रासला रामानुजन यांच्या वह्या पाहून वॉकर यांनी त्यांना मदत मिळावी म्हणून विद्यापीठाकडे शिफारस केली.)

त्या आकडेमोडीतून एक झोका दिसला. प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की हिंदी महासागर-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला घटतो, आणि उलटही होतं. १९२४ मध्ये वॉकर यांनी त्याला नाव दिलं : सदर्न ऑसिलेशन. आज हा झोका ताहिती आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन इथल्या दाबाच्या फरकावरून मोजतात.

मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर, वादळ नसेल तर, दाब फारसा बदलत नाही. तो दिवसातून दोनदा थोडा चढतो आणि उतरतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक साधारण २-३ हेक्टोपास्कलचा. (फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असेल तर हा खेळ जळगावातही दिसेल, फोन मात्र एकाच जागी ठेवा.) एल निनोची खूणही जवळपास एवढ्याच आकाराची असते. म्हणून एका दिवसाचा आकडा कुचकामी, महिन्याची सरासरी धरावी लागते.

एरवी ताहितीकडे दाब जास्त, डार्विनकडे कमी. त्यामुळे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. ढग आणि पाऊसही तिकडेच. फरक घटला की वारे मंदावतात, कोमट पाणी पूर्वेला सरकतं. हाच एल निनो. अशा वर्षी आपला मान्सून कमजोर पडण्याची शक्यता वाढते.

वॉकर यांना हवा तसा भरवशाचा अंदाज मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. उलट त्यांना आढळलं, की भारताच्या मान्सूनवरून पुढचं जगाचं हवामान जितकं कळतं, तितकं जगावरून मान्सूनचं कळत नाही. वीस वर्षांची नोकरी संपवून ते १९२४ मध्ये परतले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचं निधन झालं. वाऱ्यांच्या त्या चक्राला ‘वॉकर सर्क्युलेशन’ हे नाव जेकब बर्कनेस यांनी दिलं ते १९६९ मध्ये. समुद्राचं तापणं आणि दाबाचा झोका यांची सांगड त्यांनीच घातली.

१९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २०१५ मध्ये तो सरासरीच्या ८६ टक्क्यांवरच थांबला. शिवाय हा हिशोब अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेरला किंवा शिरपूरला खंड पडेल का, हे ताहितीचा आकडा सांगत नाही. त्यासाठी हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाजच पाहावा लागतो.