पंचविशीत थांबलेला सूर

प्रतिभा आणि व्यसन यांची सांगड घालण्याचा मोह रसिकांना नेहमीच होत आला आहे. अमेरिकेतील जाझ संगीताच्या बाबतीत तर १९४० नंतरच्या दशकात हा समज जवळजवळ सिद्धांताच्या पदवीला पोहोचला होता. बीबॉप या द्रुतगती, गुंतागुंतीच्या शैलीचा प्रवर्तक चार्ली पार्कर हेरॉईनच्या आहारी गेलेला होता. तेव्हा त्याच्यासारखे वाजवायचे तर त्याच्यासारखेच जगले पाहिजे, असे कित्येक तरुण वादकांनी मानून घेतले. ट्रंपेटवादक फॅट्स नव्हारो १९५० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. क्षयाने आणि हेरॉईनने मिळून त्याचा बळी घेतला. पार्कर स्वतः १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला. हा सिद्धांत वादविवादाने नव्हे, तर केवळ आपल्या आचरणाने खोटा पाडणारा वादक म्हणजे क्लिफर्ड ब्राऊन.

डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे ३० ऑक्टोबर १९३० रोजी त्याचा जन्म झाला. वडील हौशी वादक. घरातल्या वाद्यांपैकी चकाकणाऱ्या ट्रंपेटने मुलाला भुरळ घातली. गावातच त्याला रॉबर्ट लोअरी हे शिक्षक भेटले, आणि स्वरसंगतीचे पहिले संस्कार त्यांनी केले. महाविद्यालयात क्लिफर्डने आधी गणित हा विषय घेतला होता, ही गोष्ट त्याचे वादन ऐकताना वारंवार आठवते. जून १९५० मध्ये मोटारीच्या भीषण अपघातात तो जबर जखमी झाला आणि दीर्घकाळ रुग्णालयात खिळून राहिला. त्या दिवसांत डिझी गिलेस्पीसारखा मातब्बर ट्रंपेटवादक त्याच्या भेटीस आला आणि वादन सोडू नकोस, असे त्याने बजावले. ट्रंपेट हाती धरणे शक्य नव्हते तेव्हा क्लिफर्ड पियानोवर बसून अभ्यास करी.

१९५२ मध्ये त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. पुढच्या वर्षी लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाबरोबर तो युरोपात गेला. स्वतंत्र ध्वनिमुद्रणास तेथे हॅम्प्टनची सक्त मनाई होती. ती झुगारून या तरुणांनी पॅरिसमध्ये गुपचूप मुद्रणे केली. शिस्तीच्या या पुतळ्याच्या चरित्रातील एवढीच काय ती बेशिस्त! १९५४ साली ड्रमवादक मॅक्स रोच याने त्याला कॅलिफोर्नियात बोलावून घेतले आणि दोघांच्या नावाने पाच जणांचा संच उभा राहिला.

या संचाने फेब्रुवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्क येथे तीन दिवसांत ‘स्टडी इन ब्राऊन’ ही ध्वनिमुद्रिका केली. ब्राऊन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. शीर्षकातील श्लेष उघड आहे. ब्राऊन हे आडनावही आणि वर्णही. बीबॉपच्या चपळाईला ब्लूजची आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांची ऊब देणारी ‘हार्ड बॉप’ ही शैली त्या काळी आकार घेत होती. ती समजून घ्यायची असेल तर ही मुद्रिका ऐकावी. ‘चेरोकी’ ही रचना येथे अशा भरधाव लयीत वाजते की, सामान्य वादकाचे सूर एकमेकांत मिसळून गेले असते. ब्राऊनचा प्रत्येक सूर मात्र सुटा, गोलाईदार, पूर्ण उच्चारलेला आहे. गतीसाठी त्याने स्वराचा बळी दिला नाही. उलट ‘सँडू’ ही त्याची स्वतःची रचना म्हणजे संथ पावलांचा साधा ब्लूज. घाई कशी नसावी, हे तिच्यात ऐकावे. शेवटी ‘टेक द ए ट्रेन’च्या आरंभी पाचही जण मिळून आगगाडी सुरू झाल्याचा आभास निर्माण करतात. त्या मिस्कीलपणातही ताल तसूभर ढळत नाही.

हे सारे रियाजाचे फळ होते. प्रवासातही त्याचा रियाज चुकत नसे, आणि नाद होता तो बुद्धिबळाचा व गणिती कोड्यांचा. १९५५ च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स संचात आला. तो नुकताच हेरॉईनच्या विळख्यातून सुटला होता. निर्व्यसनी राहूनही उत्तम जाझ वाजविता येते, याचा पुरावा आपल्याला ब्राऊनमध्ये मिळाला, असे रोलिन्स पुढे आवर्जून सांगत असे. उपदेश करण्याचा ब्राऊनचा स्वभाव नव्हता. रोज शेजारी उभा राहून तो वाजवी, इतकेच.

२६ जून १९५६ रोजी ब्राऊनच्या लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली होती. त्याच रात्री फिलाडेल्फियाहून शिकागोकडे निघालेली मोटार पावसाने निसरड्या झालेल्या पेन्सिल्व्हेनियाच्या महामार्गावरून घसरली. ब्राऊन, संचाचा पियानोवादक रिची पॉवेल आणि मोटार चालविणारी रिचीची पत्नी नॅन्सी, असे तिघेही ठार झाले. घरी पत्नी लारू आणि वर्षही न भरलेला मुलगा. मॅक्स रोच या आघाताने मद्याकडे वळला आणि त्यातून सावरायला त्याला फार वेळ लागला.

पुढच्याच वर्षी बेनी गोल्सन याने ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ ही शोकरचना केली आणि मार्च १९५७ मध्ये ली मॉर्गन या फिलाडेल्फियाच्या अठरा वर्षांच्या ट्रंपेटवादकाने ती वाजविली. ब्राऊनचा तो भरदार सूर या मुलाने नेमका उचलला होता. पण काही वर्षांतच हेरॉईनपायी त्याचे वादन खंडित झाले.